चांभारचौकशी

आपल्या मराठीत काही शब्द तोंडातून सहज निसटतात आणि निसटल्यावर कुणाला काही वाटतही नाही. 'चांभारचौकशी' हा त्यातलाच एक. नको तिथे नको तितके विचारत बसणे, असा त्याचा अर्थ. सासूने सुनेला माहेरच्या पाहुण्यांबद्दल चार प्रश्न विचारले की सून मनात म्हणते, यांना कशाला हवी ही चांभारचौकशी? कचेरीत, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, हा शब्द सगळीकडे चालतो. ज्याच्या नावावर तो खपवला आहे त्या माणसाला कधी कुणी विचारले असेल का, की बाबा, तू चौकशी करतोस ती कशाची?

मी विचारले नाही, पण पाहिले मात्र भरपूर. डिचोलीला माझी मावशी राहते. बेळगावहून उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे तिच्याकडे जायचो. मावशीच्या घरून बाजाराकडे जाताना वाटेत पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या मामांचा गाडा होता. गोव्यात टपरीला गाडा म्हणतात, आपल्याकडे डबा-दुकान. पत्र्याच्या तीन भिंती, पुढे उचलून टेकू लावायची फळी, आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा. त्यांचे नाव इथे देत नाही. हयातीत त्यांना फोटो काढलेलाही आवडत नसे. आम्ही मुले त्यांना मामाच म्हणत असू आणि मावशीही म्हणे.

मामा मूळचे अथणीकडचे. त्यामुळे डिचोलीच्या भर बाजारात आमच्यासाठी 'बर्री, कुंड्री' ऐकू येणारी ती एकच जागा होती. गिऱ्हाइकाशी ते कोकणी बोलत, मावशीशी मराठी, आणि आम्ही बेळगावची पोरे दिसलो की कानडी. तिन्ही भाषा एकाच वाक्यात आल्या तरी हातातली आरी थांबत नसे.

त्यांचे वडील गोवा मुक्त झाल्यावर तीन-चार वर्षांनी डिचोलीत आले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी सहा वर्षे सीमेवर नाकेबंदी होती, रेल्वेही बंद होती. मुक्तीनंतर लोंढ्याहून कुळ्याला जाणारी मीटरगेज गाडी पुन्हा धावू लागली. तिने वडील कुळ्यापर्यंत आले आणि पुढे मिळेल त्या ट्रकने. बरोबर एक पोते. त्यात ऐरण, रापी, दोन आऱ्या, हातोडा, पक्कड, मेणाचा गोळा आणि लाकडी कलबुतांचा एक जोड. ऐरण म्हणजे लोहाराची नव्हे. ही तीन पायांची लोखंडी ऐरण असते आणि तिचा प्रत्येक पाय वेगळ्या मापाच्या तळव्यासारखा असतो. एकावर मोठ्यांचा बूट चढवायचा, दुसऱ्यावर मुलांचा, तिसऱ्यावर टाच ठोकायची. मामांच्या गाड्यावर होती ती हीच ऐरण. तिचे तिन्ही पाय झिजून आरशासारखे झाले होते.

अथणी सोडून डिचोलीच का, असे मी एकदा विचारले होते. मामा म्हणाले, "बूट तिथं होते."

आपल्याकडच्या कारागिराचा हात चपलेवर बसलेला. अथणी, निपाणी, मिरज, कोल्हापूर हा सगळा पट्टा त्याच कामाचा. पण डिचोली तालुक्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून लोहखनिज निघू लागले होते. मुक्तीनंतर खाणी वाढल्या आणि भारतातले खाणकायदे तिथे लागू झाले. धातूखाणींच्या १९६१ च्या नियमांत असे कलमच आहे, की संरक्षक पादत्राण घातल्याशिवाय कुणालाही खाणीत पाऊल टाकू देऊ नये. त्यामुळे जन्मभर अनवाणी किंवा फार तर वहाणांवर चाललेल्या माणसांच्या पायांत एकदम जाड तळाचे बूट आले. बूट आले म्हणजे ते उसवणार, पुढून तोंड वासणार, टाच झिजणार. नवा बूट मिळायला वेळ लागे आणि पाळी तर चुकवायची नाही. त्या मधल्या दिवसांवर मामांच्या वडिलांचा संसार उभा राहिला. बुधवारी डिचोलीचा आठवड्याचा बाजार. त्या दिवशी गाड्यासमोर लाल मातीने माखलेल्या बुटांची रांग लागे. मामा तेव्हा लहान होते. बूट धुऊन पुसून वडिलांच्या हातात देणे हे त्यांचे काम. "आमच्या बादलीतलं पाणी दुपारपर्यंत कुंकवासारखं व्हायचं," असे ते सांगत.

मामांची शाळा कानडी तिसरीपर्यंत, तीही गावाकडे आजीजवळ राहून झालेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता त्या चौकशीकडे येऊ. मामांच्या हातात चप्पल दिली की ते आधी ती उलटी करत. तळ बघत, मग आतून अंगठ्याची जागा बघत, मग डोळे वर करून माणसाकडे. आणि प्रश्न सुरू. डाव्या पायावर जास्त भार देता काय? कंबर दुखते? जिना चढायचा असतो रोज? पिशवी कुठल्या हातात धरता? नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, याला काय करायचेय! पण टाच बाहेरच्या कडेला थोडी झिजणे हे बहुतेकांचे असतेच. ती आतून झिजली, किंवा एकाच पायाची झिजली, तर चालण्यात काहीतरी आहे असे समजावे. अस्थिरोगतज्ज्ञही कधी कधी रुग्णाला जुने बूट घेऊन या म्हणतात ते यासाठीच. मामांना पुस्तकी कारण माहीत नव्हते, पण एवढे ठाऊक होते की भार कुठे पडतो हे न विचारता नवी टाच मारली तर ती दोन महिन्यांत पुन्हा तशीच झिजणार आणि गिऱ्हाईक त्यांनाच बोल लावणार.

अशाच एका चौकशीने आमच्या काकांचा पाय वाचला. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना मधुमेह होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षे झाली होती. गोळ्या वेळेवर घेत, साखर सोडली होती, त्यामुळे आपण सगळे सांभाळतो अशी त्यांची समजूत. एक दिवस चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते गाड्यावर गेले. मामांनी चप्पल उलटी केली, सरळ केली, आत बोट फिरवले आणि थांबले. तळातला एक खिळा वर आला होता आणि त्याभोवती काळा डाग होता. मामांनी विचारले, "काका, पाय दुखत नाही?" काका म्हणाले, "नाही बा." मामा म्हणाले, "दुखायला पाहिजे. पाय दाखवा." भर बाजारात पाय काय दाखवायचा, म्हणून काका तयार होईनात. मामांनी खाली वाकून स्वतःच त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला टोचून टोचून जखम झालेली, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि माणसाला पत्ता नाही.

मामांनी चप्पल दिलीच नाही. म्हणाले, "आमच्या अण्णाचा पाय असाच गेला, गुडघ्याखाली. आधी डॉक्टर, मग चप्पल." काका रिक्षाने घरी आले ते एका पायात चप्पल आणि एका पायात मामांनी दिलेली कुणाची तरी जुनी स्लीपर घालून. मावशी आधी हसली आणि मग जखम बघून मटकन खाली बसली. महिनाभर पट्ट्या बदलाव्या लागल्या, पण बोटही गेले नाही.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चटका बसला, खिळा टोचला, तरी मेंदूला वर्दी पोचत नाही. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात देशातले मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यातले २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. आपल्या घरांतून मुली गोव्यात दिल्या आहेत, तिकडच्या सुना आपल्याकडे आहेत, तेव्हा हा आकडा परका नाही. अशा माणसाने रोज रात्री तळवे बघावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघावेत. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. आणि ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी अंगठ्याची चप्पल, मग ती कितीही आवडती असो, सोडून द्यावी. ती पायात धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात आणि निसटली तरी कळत नाही.

मामांनी नंतर काकांसाठी वेगळी जोडी केली. पुढे रुंद पट्टा, मागे घट्ट करायचा पट्टा, आतला थर मऊ रबराचा, खालचा तळ टणक, आणि अख्ख्या जोडीत खिळा एकही नाही, सगळे शिवलेले आणि चिकटवलेले. हे मऊ रबर ते म्हापशाहून मागवत. त्याला एमसीआर म्हणतात, सूक्ष्म छिद्रांचे रबर. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी त्याच्या चपलांचा आग्रह धरला आणि पुढे मधुमेहींनाही त्या लागू पडल्या. मामांना वेल्लोर ठाऊक नव्हते. अण्णाचा पाय गेल्यावर कुठल्याशा दवाखान्यात त्यांनी तशी चप्पल पाहिली होती आणि ती उलटी करून नीट बघून ठेवली होती, एवढेच.

शब्दांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या घरांत चप्पल आणि चप्पलि शेजारी शेजारी नांदतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पायताण येते, कानडीत केर. सपाता हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो पोर्तुगीज 'सापातो'पासून आला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्र सरकारच्या कागदांत या कारागिरांना गटई कामगार म्हणतात आणि त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही आहे. मामांच्या गाड्यावर हे सगळे शब्द येऊन जात. 'गटई' तेवढा कधी ऐकला नाही.

अथणीचा माणूस म्हटल्यावर कोल्हापुरीची गोष्ट निघणारच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मानांकनाची मालकी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे लिडकर या दोघांकडे. आपल्या सीमाभागात दोन्ही सरकारांनी मिळून एका कागदावर सह्या केल्याचे प्रसंग किती आहेत ते तुम्हीच आठवून बघा. चपलेने ते करून दाखवले! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मग कंपनीने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एकेका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, असे तेव्हा जाहीर झाले.

मामांनी हे ऐकले असते तर किमतीबद्दल काही बोलले नसते. तळ म्हशीच्या कातड्याचा आहे का आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेला आहे का, एवढे विचारले असते. कारण त्यांच्या मते खरी कोल्हापुरी ओळखायची ती तिथे. गोव्याच्या पावसाला मात्र ती चालत नाही. भिजली की तळ फुगतो, वाळली की वाकडा होतो, आणि कपाटात ठेवली तर बुरशी धरते. म्हणून ते मे महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला बजावत की तेलाचा हात फिरवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि गणपतीपर्यंत काढू नका.

हल्लीच्या बुटांवर त्यांचा राग होता. पीयूचे तळ आले तेव्हा हलके म्हणून लोक भुलले. लग्नाला घेतलेला बूट जपून खोक्यात ठेवायचा आणि तीन-चार वर्षांनी दुसऱ्या लग्नाला काढला की तळ बिस्किटासारखा हातात यायचा. लोक म्हणत, अहो, वापरलासुद्धा नाही! दमट हवेत हे पॉलियुरेथेन आतून कुजते आणि नुसते पडून राहिले तर लवकर कुजते. मामा सांगत, "वापरला नाही म्हणूनच मेला." त्या तळाला टाका धरत नाही आणि डिंकही धरत नाही. अख्खा तळ काढून दुसरा लावायचा म्हटले तर खर्च जवळजवळ नव्या बुटाएवढा. गाड्याचे निम्मे काम असेच गेले.

उरलेले निम्मे खाणींबरोबर गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. २०१५ मध्ये काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. खाणींनी नद्यांचे आणि शेतांचे काय केले हे डिचोली तालुक्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे बंदी का आली हे तिथे कुणाला समजावावे लागत नाही. पण मामांचा मुलगा खनिजाच्या ट्रकवर चालक होता आणि तो घरी बसला. त्याच्यासारखे शेकडो. मग तो गाड्यावर येऊ लागला. त्याला चिकटवणे आणि मशीनवर शिवणे जमले, पण रापी कधी धरता आली नाही. मामाही त्याला फार शिकवत नसत. मला एकदा कानडीत म्हणाले होते की, तो ट्रक चालवतो तेव्हा लोक त्याला नावाने हाक मारतात.

आपल्याकडे म्हणी कमी नाहीत. चांभाराच्या देवाला खेटराची पूजा ही तर शाळेच्या पुस्तकात होती आणि आम्ही ती पाठ म्हणत असू. त्याच वेळी घरात कानडी आजी हरळय्यांची गोष्ट सांगे. कल्याणचे शरण हरळय्या जातीने समगार. त्यांनी बसवण्णांना 'शरणु' म्हटले, बसवण्णांनी उलट 'शरणु शरणार्थी' म्हटले. तो एक जास्तीचा नमस्कार हरळय्यांना ऋण वाटला. ते फेडायला त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मांनी आपल्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे करून नेली. बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली, असे सांगतात. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याच्या मुलीशी झाला आणि त्यासाठी बिज्जळ राजाने दोन्ही व्याह्यांना मृत्युदंड दिला. बाराव्या शतकातली ही गोष्ट. इकडे मराठीत रोहिदासांची जयंती होते, त्यांच्या कातडे भिजवायच्या कुंडात गंगा आल्याची कथा कीर्तनात रंगते. कीर्तन संपले की घरी जाताना आपण पुन्हा तोच शब्द वापरतो, काय ही चांभारचौकशी म्हणून. निदान ज्या घरांत दोन भाषा आहेत तिथे तरी तो शब्द मुलांच्या कानावर पडू नये, असे मला वाटते. त्याच्या जागी दुसरे डझनभर शब्द आहेत.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. त्याच सुमारास, एप्रिल २०२४ मध्ये, लिलावात गेलेली डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली आणि मुलाला ट्रकवर काम मिळाले. गाडा बंद करायचे ठरले. त्यात दुःख करण्यासारखे आहे असे मला त्याच्यासमोर म्हणवेना. पगार नक्की, उन्हात बसणे नाही, आणि मुलगी कॉलेजात आहे.

मावशीने मला फोन केला तो वेगळ्याच कारणाने. गाड्याच्या मागच्या तारेवर दुरुस्त होऊन लटकलेले तेवीस जोड होते. लोकांचे जोड लोकांना द्यायचे तर कुणाचे कुठले ते कळायला हवे. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती, पण ती कानडीत. मुलाची शाळा डिचोलीत, मराठीतून झालेली. बोलतो फर्डे कानडी, वाचता एक अक्षर येत नाही. मी बेळगावची, शाळेत कानडी सक्तीचे होते तेव्हा कुरकुरत शिकलेली. म्हणून बोलावणे आले.

बुधवार गाठून गेले. फळीला टेकू लावून मुलगा खाली बसला, मी त्याच्या आईने दिलेल्या स्टुलावर. एकेक जोड तो काढून देई, मी चिठ्ठी वाची आणि तो खाली मराठीत लिही. नावे थोडीच होती. 'ब्यांक सायबरु' होते. 'काजू अक्का' होती, ती कारखान्यात काजू फोडणारी, त्याने लगेच ओळखली. बाकी सगळ्या मामांच्या चौकशा. 'एडगालु भार', म्हणजे डाव्या पायावर भार. 'बलगालु, किरुबोटाला घट्ट', अर्धे कानडी अर्धे मराठी. 'सक्करे', पुढे दोन रेघा, म्हणजे साखरेचा त्रास, खिळा मारू नये. एकावर 'मगळ मदुवि' आणि तारखेच्या जागी फक्त 'वैशाख'. कुणाच्या मुलीचे लग्न ते आम्हाला कळेना. शेजारच्या फुलवालीला विचारले, तिने तळाची झीज बघून सांगितले की हे मुळगावच्या मास्तरांचे, ते असेच पाय ओढत चालतात.

दुपारपर्यंत एकोणीस जोडांची ओळख पटली. बाजाराचा दिवस असल्याने सात माणसे तिथल्या तिथे आपापले जोड घेऊन गेली. एकाने पैसे विचारले. चिठ्ठीवर आकडा नव्हता. मुलाने घेतले नाहीत, तर त्या माणसाने ऐरणीवर पन्नासाची नोट ठेवली आणि वर हातोडा ठेवून निघून गेला.

शेवटी लहान मापाच्या, पितळी बकलाच्या मुलींच्या सँडल राहिल्या. कुठल्याही मुलीला आता त्या येणार नाहीत इतक्या जुन्या. चिठ्ठीवर नाव नव्हते, पायाबद्दलही काही नव्हते. एवढेच होते, 'नाळे बर्तार'. मी त्याला सांगितले, उद्या येतात असे लिहिले आहे. त्याने सँडल पुसल्या आणि पुन्हा तारेला अडकवल्या.